फोटो प्रदर्शनं फक्त नागपुरातच?

वर्धेकर: काल इथं एकानं लिहिलं, "खेड्यातल्या लोकांना चित्र-फोटोंचं काही पडलेलं नसतं, प्रदर्शनं नागपुरातच बरी." वाचून डोकं फिरलं. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी मगन संग्रहालय उघडलं ते वर्धेत, आणि मांडलं काय, तर चरखे, खादी, खेड्यातल्या हातांचं काम! अजब बंगला संग्रहालय 1863 पासून नागपुरात आहे, राहू द्या. पण फोटोंच्या प्रिंट तरी पवनी-आर्वीपर्यंत नेता येतात की नाही? पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये स्तूप उकरला. त्याचे फोटो पवनीच्याच पोरांनी नागपूरला जाऊन पाहायचे का?

सिव्हिल_लाइन्स: ते मीच लिहिलं होतं. आम्ही तालुक्याच्या शाळेत प्रदर्शन भरवलं होतं. 3 दिवसांत 40 माणसं, त्यातले निम्मे शिक्षक. ओल येऊन 2 प्रिंट फुगल्या. खर्च आमच्या खिशातून गेला. उगाच नाही बोलत.

चिमूरवाला: कोन्त्या महिन्यात?

सिव्हिल_लाइन्स: ऑगस्ट.

चिमूरवाला: मंग कोन येईन बाप्पा! ऑगस्टात निंदण असते. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत लावा, पाय ठेवाले जागा नाई पुरनार.

घाटंजीची_लेक: जागेचं नंतर पाहू. आधी फोटोखाली काय लिहिता ते सांगा. एका प्रदर्शनात माझी आई भिंतीवर होती. ओटीत कापूस, बोंडानं चिरलेल्या बोटाला चिंधी. खाली लिहिलं होतं "शेतकरी स्त्री, विदर्भ". फोटोवाल्याचं नाव मात्र ठळक. आईला नाव नाही का?

कॅमेरावाला: दिवसाला 200 फोटो काढतो. प्रत्येकाचं नाव कुठं लिहीत बसू? उघड्या शेतात काढलेला फोटो आहे, चोरी नाही.

घाटंजीची_लेक: चोरीच आहे. तुम्ही आमच्या घरी चहा पिता, प्रिंट पाठवतो म्हणता, आणि पुन्हा तोंड दाखवत नाही.

कॅमेरावाला: मी तुमच्या घरी आलोच नव्हतो. माझ्यावर कशाला घसरता?

वर्धेकर: आले नसाल. पण 200 फोटो काढणाऱ्याला एक वही बाळगता येत नाही?

चिमूरवाला: अन पाट्या फक्त इंग्रजीत काऊन? माझा बाप मराठी वाचते, माडिया बोलनारे पाहुणे येते, त्याईनं काय भिंत पाहाची?

सिव्हिल_लाइन्स: पाट्यांचं बरोबर आहे. महिना चुकला हेही मान्य, जत्रेचं सुचलंच नव्हतं. पण मूर्ती आणि नाणी मी गावात पाठवू देणार नाही. कुलूप कोण सांभाळणार?

वर्धेकर: मूर्ती मागितल्या कोणी? फोटोंचंच बोलतोय पहिल्यापासून.

कॅमेरावाला: वही ठेवीन. चोर म्हटलेलं मात्र विसरणार नाही.

घाटंजीची_लेक: नका विसरू. मी भिंतीवरच्या त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवला. किती वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "हे लुगडं तं फाटलं आता."