फॅमिली ग्रुप : मास्तर, शिष्या आणि मावशीची चिठ्ठी

दादा: ताई, त्या व्हिएन्नाच्या संगीत-मास्तराच्या आणि त्याच्या शिष्येच्या प्रेमाची गोष्ट काल अर्धीच राहिली. पूर्ण कर.

ताई: अलेक्झांडर झेम्लिन्स्की. 1900 मध्ये अल्मा शिंडलर त्याच्याकडे संगीतरचना शिकायला लागली. ती 21ची, तो जवळजवळ 8 वर्षांनी मोठा. मास्तर खडूस. हिला पाहुणे, नाटकं, मेजवान्या हव्यात. त्याने तोंडावर सांगितलं, एक तर संगीत लिही नाहीतर मिरव, दोन्ही जमायचं नाही.

वहिनी: 21ची म्हणजे मोठीच की. कुणाला काय त्रास?

ताई: वहिनी, अगं थांब जरा. हिने रोजनिशीत त्याला बुटका, बिनहनुवटीचा, बटबटीत डोळ्यांचा असं सगळं लिहून ठेवलंय. नंतर त्याच माणसावर जीव जडला! धडा आणि मिठी एकाच खोलीत. एक दिवस जवळ घ्यायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या रूपावरून टोचायचं.

दादा: म्हणजे छळ तिनेच केला म्हण.

ताई: दोघांनी. पण वही तपासायचा हक्क त्याच्याकडेच ना? पुढे नोव्हेंबर 1901 मध्ये तिला संगीतकार गुस्ताव माहलर भेटला. डिसेंबरात मास्तर बाद, मार्च 1902 मध्ये लग्न. आणि माहलरने लग्नाआधीच लांबलचक पत्र लिहून बजावलं, तू संगीत लिहिणं सोड. सोडलं तिने! तिची पाच गाणी छापून आली ती थेट 1910 मध्ये.

आबा: आगीतून फुफाट्यात.

दादा: आणि मास्तर?

ताई: त्याचा 1922 चा एक ऑपेरा आहे. एका बुटक्याला आपण कुरूप आहोत हे ठाऊकच नसतं, राजकन्या त्याला खेळण्यासारखं वागवते, आणि आरशात स्वतःला पाहिल्यावर तो मरतो. मूळ गोष्ट दुसऱ्याची, पण विषय निवडला यानेच ना.

वहिनी: बाप रे. पण मला अजून पटत नाही. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये आपण कशाला पडायचं?

मावशी: मी बोलू का? मी गाणं शिकायचे तेव्हा 24ची होते, नोकरी करत होते, कुणाच्या बापाला भीत नव्हते. सरांनी पहिला ‘वा’ म्हणायला दीड वर्ष लावलं. तोवर नुसतं ‘पुन्हा’. गंधार जरा उतरला की डोळे न उघडता तानपुऱ्यावरचा हात थांबवायचे. बास, एवढंच. ओरडणं नाही काही नाही. पण ते थांबणं मला घरी रात्रभर ऐकू यायचं. त्या एका ‘वा’साठी मी अंगात ताप असताना गेलेय. तेव्हा त्यांनी म्हटलं असतं ना, चल फिरायला, तर मी नाही म्हटलं नसतं. आणि ते प्रेम की ‘वा’ची भूक, हे मला कळलंही नसतं. वय 24 असून.

आबा: गुरूने आधी शिकवणं थांबवावं, मग काय ते विचारावं. एवढं साधं आहे.

दादा: आबा, शिकवणं थांबवलं तर ते प्रेम उरेल का, हाच तर प्रश्न आहे 😀

आबा: नाही उरलं तर नाही उरलं.

वहिनी: मावशी, खरं सांगा हं. सरांनी कधी विचारलं होतं का?

मावशी: त्यांनी नाही. चिठ्ठी मीच लिहिली होती. वहीत घालून ठेवली.

ताई: काय???

मावशी: पुढच्या वेळी वही परत दिली, चिठ्ठी तशीच घडी केलेली, आणि वर एका बाईंचा पत्ता. म्हणाले, “यापुढे तुम्ही यांच्याकडे शिका.” दीड वर्षात पहिल्यांदा मला ‘तुम्ही’ म्हणाले.

वहिनी: मग गेलात त्या बाईंकडे?

मावशी: कुठली जातेय. वर्षभर तानपुऱ्याची गवसणी काढली नाही मी. इतका राग आला होता त्यांचा.