वर्गातल्या स्वमग्न मुलाला काढा म्हणून सह्या मागतायत, मी नाही केली

निळी_छत्री
माझी लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे, सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव. यंदा तिच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आलाय, म्हणजे ऑटिझम. फार थोडं बोलतो, आवाज सहन होत नाही, चिडला की ओरडतो, एकदा एका मुलाला चावला पण. आता काही पालकांनी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिलाय की याला विशेष शाळेत पाठवा, आमच्या पाल्यांचं नुकसान होतंय, आणि घरोघरी सह्या घेत फिरतायत. माझ्याकडे आले तेव्हा २२ सह्या झाल्या होत्या. मी नाही केली. तेव्हापासून शेजारीण माझ्याशी बोलत नाहीये.

का नाही केली ते सांगते. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर लोखंडी गजानं ठोका मारतात. सुरुवातीला ठोका पडला की ते पोर कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करायचं आणि पुढचा अर्धा तास गेलाच. यावर उपाय वर्गातल्या मुलांनीच काढला. ज्याच्याकडे घंटेचं काम असतं तो आधी दारात येऊन हात वर करतो, माझी लेक त्या पोराला म्हणते घंटा होतेय हां, ते कान झाकतं, मग ठोका. कुणीही सांगितलं नव्हतं. आणि घरी आजोबांना कमी ऐकू येतं तर ही आधी पाठीमागून ओरडायची, आता समोर येऊन, त्यांनी बघितलं की मग बोलते. हे मला कुठल्या इंग्रजी शाळेत फी भरून मिळालं नसतं.

आणि कायदा पण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, स्वमग्नता त्यात आहे, आणि सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेनं अशा मुलाला प्रवेश द्यायचाच आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ च प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती.

उंबरठा
ताई राग मानू नका पण मी सही केली असती. आमच्या गावात हेच झालं आणि चावा माझ्या पोराला होता. मनगटाच्या वर चार दात उमटलेले, रक्त साकळलेलं, आठ दिवस शाळेचं नाव काढलं की रडायचा. त्या मुलाचा दोष नाही हे मला कळतं हो. पण माझंही पोर सातच वर्षाचं आहे, त्यानं किती समजून घ्यायचं? बाई दुसऱ्या वर्गावर होत्या म्हणे. मग दोघांनाही बघायला कुणीच नव्हतं. कायदा सांगायला सोपा आहे, खाजगी शाळा परवडत नाही म्हणून आम्ही तिथे घालतो, आमच्याकडे दुसरा रस्ता नाही.

खडूफळा
मी स्वतः जि.प. शिक्षक, दुशिक्षकी शाळा. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एकेकाकडे दोन वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, एक जण मीटिंगला गेला की चारही वर्ग एकट्यावर. माझ्याकडे सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर नीट ताबा राहत नाही) एक मुलगी आहे. शाळेला रॅम्प आहे, कठडा आहे, कागदावर सगळं आहे. पण तिला स्वच्छतागृहात कोण नेणार? तिची आई मधल्या सुट्टीत रानातून चालत येते. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक येतात, माणूस चांगला आहे, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा की महिन्यात एकदा दिसले तरी नशीब. केंद्र सरकारनं २०२२ साली ठरवलंय की प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा. माझा विरोध मुलाला नाही, मूल आत आणून सोडून देण्याला आहे. पालकांनी मुलाला काढा असा अर्ज करण्याऐवजी माणूस द्या असा केला असता तर पहिली सही माझी.

सदाफुली
मी कर्णबधिर मुलीची आई आहे, आणि माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. माझी लेक दोन वर्ष साध्या शाळेत होती. पहिल्या रांगेत बसायची, फळ्यावरचं उतरवून घ्यायची, वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. सगळे म्हणायचे किती छान रमलीय. तिला एक शब्द कळत नव्हता. दोन वर्ष ती चित्र काढावं तसं अक्षरं काढत होती आणि वरच्या वर्गात जात होती. मग कर्णबधिर शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवताना मी एसटीत रडत आले. पहिल्या सुट्टीत घरी आली आणि हातांनी मला सांगायला लागली, वसतिगृहाच्या मागे कुत्री व्यालीय, चार पिल्लं, एक काळं, ते तिच्या पायावर झोपतं. इतकं लांबलचक ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि मला अर्धंच कळलं कारण मलाच खुणा येत नव्हत्या. त्यामुळे विशेष शाळा म्हणजे वाळीत टाकणं असं कुणी म्हणलं की मला लागतं.

निळी_छत्री
सदाफुली, तुमचं दोनदा वाचलं. तुमच्या लेकीला भाषा हवी होती आणि ती तिथेच मिळणार होती, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. पण तुमच्या मुलीची शाळा तुम्ही ठरवलीत, जवळून बघून. इथे २२ जण दुसऱ्याच्या पोराची शाळा ठरवतायत आणि त्याच्या आईला कुणी विचारलेलंही नाही. ती कांद्याच्या शेतात रोजानं जाते. जवळची विशेष शाळा २६ किलोमीटरवर, ती मतिमंद मुलांची, आणि हे पोर पाढे म्हणतं.

उंबरठा, तुमच्या पोराचं मी हलकं घेत नाही. आमच्याकडे चावा घेतला तेव्हा काय झालेलं ते लेकीकडून कळलं, पावसामुळे दोन वर्ग एकत्र बसवलेले, प्रचंड गोंगाट, आणि कुणीतरी त्याचे कानावरचे हात ओढून काढले.

उंबरठा
हे आमच्याकडे कुणी विचारलंच नाही, खरंय. पण माणूस द्या म्हणून अर्ज केला तरी तो येईपर्यंत माझ्या पोराचं वर्ष जाईल त्याचं काय?

खडूफळा
वर्ष जाऊ देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. तिथे ठराव करून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, आणि तोवर चिडल्यावर त्या मुलाला नेऊन बसवायला एक शांत कोपरा आणि कुणी न्यायचं ते ठरवा. माझ्याकडे चटई आणि कपाटाची आडबाजू एवढ्यावर भागलंय. त्याच्या आईला बैठकीला बोलवा, तो कशानं शांत होतो ते तिला सगळ्यात जास्त माहीत असणार.

निळी_छत्री
बैठक शनिवारी आहे. मी आज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन येते, तिची रोजंदारी बुडणार असेल तर बैठक सकाळी शाळेच्या आधी घ्या म्हणून सरांना सांगते. शेजारणीलाही विचारणार आहे, येईल का माहीत नाही.