डाउनलोड नव्हे, अपलोड बघा

गावच्या घरी चार कॅमेरे लावून ते पुण्यातून मोबाइलवर बघायला १०० एमबीपीएसचा (मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे नेटचा वेग) प्लॅन घ्यावा का, असा प्रश्न आहे. इतक्याची गरज नाही. डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) हार्डडिस्कवर होणाऱ्या रेकॉर्डिंगला इंटरनेट लागतच नाही. नेट खर्च होतं ते मुख्यतः तुम्ही बाहेरून बघता तेव्हा. आणि तेव्हा कामाला येतो तो गावाकडचा अपलोड वेग, म्हणजे तिथून नेटवर चित्रण बाहेर पाठवण्याचा वेग. जाहिरातीत मोठ्या अक्षरात डाउनलोडच छापतात, त्यामुळे अपलोड किती मिळेल ते आधी विचारून घ्या.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ लहान करून पाठवायची पद्धत) साधारण ४ एमबीपीएस घेतो, एच.२६५ या नव्या पद्धतीत जवळपास निम्मे. म्हणजे चारही एकदम पूर्ण दर्जात हवे असतील तर ८ ते १६. पण मोबाइलच्या चिमुकल्या चौकोनात एवढं कोण निरखणार? तिथे सब-स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं हलकं चित्र लावा. प्रत्येकी अर्धा एमबीपीएस धरला तरी चारांना २ पुरतात. काही संशयास्पद दिसलं तर तेवढा एकच कॅमेरा मोठा करून मेन-स्ट्रीमवर (पूर्ण दर्जात) बघायचा. ५-६ एमबीपीएस अपलोड खरोखर मिळत असेल तर निवांत राहा. घरातले दोघं-तिघं एकाच वेळी बघणार असतील तर मात्र त्या पटीत वाढवा.

फायबर पोचलं नसेल आणि सिमचा राउटर लावणार असाल, तर डेटाचा हिशोब करा. १ एमबीपीएस दिवसभर सतत चालू राहिलं तर १०.८ जीबी उडतात. त्यामुळे सिमवर क्लाउड रेकॉर्डिंग (चित्रण नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर साठवणं) बंदच ठेवा.