'खुन्यांना रजा, आम्हाला खाट नाही' म्हणणाऱ्यांना

अजनी चौक
कालच्या पोस्टवर लाईकचा पाऊस बघून लिहितोय. म्हणे कोरोनात खुन्या-दरोडेखोरांना सोडलं, इकडे नागपुरात माणसं खाटेविना गेली, पुढची साथ आली तर एकालाही सोडू नका. दादा, सोडलं कोणाला ते तरी वाचा. २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना कोणते कैदी सोडायचे ते ठरवायला समित्या नेमायला लावल्या, त्या मुख्यतः सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. २०२० च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत शंभरातले ७६ कच्चे कैदीच होते, म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायचाच होता. मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), एनडीपीएस (अमली पदार्थ) या कायद्यांखालचे वगळलेले. मोठ्या शिक्षेवाल्यांना ४५ दिवसांची आकस्मिक रजा (पॅरोल), तीसुद्धा आधीच्या दोन्ही रजांवरून वेळेत परतला असेल तरच. बराकीत अंथरुणाला अंथरूण लागलेलं असतं, तिथं दो गज दूरी कोण पाळणार? जुलै २०२० मध्ये आपल्या वर्धा रोडच्या जेलात काय झालं ते विसरलात? कैदीही पॉझिटिव्ह, गार्डही.

तर्रीवाला
काऊन भाऊ, तुमीच लिवलं ना का मोठ्या शिक्षेवाल्याले ४५ दिवस? खुनाच्या ३०२ ले काय सहा महिन्याची शिक्षा असते? म्हंजे खुन्याले भेटली रजा. मंग पोस्ट खोटी कशी? आन ते ४५ दिवस वाढत वाढत कुठवर गेले तेही सांगा न. मार्च २०२३ मधी सुप्रीम कोर्टाले म्हणा लागलं, पंधरा दिवसात परत या. तीन वर्षं!
एप्रिल २०२१ मधी माह्या मोठ्या बाबाले ऑटोत घालून अर्धं नागपूर फिरलो. ऑक्सिजन ८० च्या खाली. एका दवाखान्याच्या गेटवरच्या पोरानं मान वर न करता हातानंच 'नाही' केलं. ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाही. बाबा त्याच रात्री गेले. त्यायनं कोणाचा खून केला नव्हता.

अजनी चौक
मोठ्या बाबांचं वाईट झालं. पण त्यांची खाट कैद्यानं पळवली का? आतला माणूस अत्यवस्थ झाला की बाहेरच्याच सरकारी दवाखान्यात आणतात, वर दोन पोलिस पहाऱ्याला. आत गर्दी जेवढी कमी, तेवढी खाट तुमच्या-माझ्यासाठी मोकळी. रजा लांबल्या हे खरं, घ्या, तेवढा तुमचा मुद्दा. पोस्टमध्ये मात्र तो नव्हता.

काळा कोट
रजा मिळालेले सगळ्यांना पाठ, न मिळालेले कोणाला आठवत नाहीत. याच जेलात जी. एन. साईबाबा होते, माओवाद्यांशी संबंधाच्या गडचिरोलीतल्या खटल्यात शिक्षा झालेले दिल्लीचे प्राध्यापक. ९० टक्के दिव्यांग, चाकाच्या खुर्चीवर. १ ऑगस्ट २०२० ला आई गेली, पॅरोल नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आतच कोरोना. त्यांच्याच खटल्यातला पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच स्वाइन फ्लूनं गेला. दोनच महिन्यांनी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यावर लगेच सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, मार्च २०२४ मध्ये पुन्हा निर्दोष. नरोटेला निकाल कुठे जाऊन सांगायचा?

संत्रानगरी
आला! वाटच बघत होतो. विषय कोणताही असो, वकीलसाहेब गडचिरोलीला पोचतातच. १ मे २०१९ ला तिथल्याच जांभुळखेड्यात माओवाद्यांनी आपले १५ पोलिस उडवले. त्यांच्या पोरांच्या हक्कांवर कधी धागा काढला?

काळा कोट
काढा की, कोण अडवतंय? त्या स्फोटाशी या खटल्याचा संबंध सांगा आधी. ही माणसं २०१७ पासून शिक्षा भोगत होती.

संत्रानगरी
संबंध तुम्हाला दिसणारच नाही. फी मिळते ना.

काळा कोट
या खटल्यात मी नव्हतोच. तोंड सांभाळून बोला.

क्वार्टरमधली
तुमचं झालं असेल तर मी बोलू? आमचे हे जेलात गार्ड आहेत. लॉकडाऊनमध्ये पाळीवर गेले की आतच मुक्काम, घरी यायचं नाही. पाळी संपवून आले की मी अंगणातच बादली ठेवायची, वर्दी डेटॉलच्या पाण्यात, सासूबाई दाराआडून विचारायच्या, "खोकला तं नाही ना रे?" पोलिसांसाठी थाळ्या वाजल्या, पोस्टर लागले. जेलवाल्यांचं नाव कोणी घेतलं? कैद्याला रजा मिळाली, आमच्या माणसाची मंजूर रजा रद्द झाली. तरी सांगते, बराक थोडी रिकामी झाली तेव्हाच हे नीट झोपले. कैदी खोकला की पहिला त्याच्याजवळ जाणारा गार्डच असतो.

संत्रानगरी
ताई, तुम्हाला सलाम. गार्डांना आधी लस, आधी विमा, हे मान्य.

तर्रीवाला
वहिनीसाठी गर्दी कमी करा, आपली ना नाही. पण कच्चे सोडा, जामिनाचे पैसे नसलेले गरीब सोडा. ३०२ वाल्याले नाही म्हंजे नाही.

अजनी चौक
म्हणजे समितीच्या यादीत कच्चे होतेच, तेच तुम्ही म्हणताय.

तर्रीवाला
म्हणून राहिलो न. तुमी लिवलं म्हून बरोबर होत नाही ते.

क्वार्टरमधली
आणि रद्द झालेल्या रजेचं काय? कोणी अर्ज लिहून देईल का? वकीलसाहेब?