क्रॉनिक म्हणजे 'हाताबाहेर' नव्हे

परळकर: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, "रिपोर्टवर क्रॉनिक आलं म्हणजे केस हाताबाहेर गेली." साफ चूक. 'क्रॉनिक' हा शब्द आजाराचं वय सांगतो, जोर नाही. अंगावर पित्त उठणं 6 आठवड्यांवर गेलं की क्रॉनिक, हिपॅटायटिस बी 6 महिने टिकला की क्रॉनिक, मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांनंतर. किडनीला 3 महिने. एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढलं म्हणून सीकेडी, म्हणजे क्रॉनिक किडनी आजार, ठरत नाही. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं किंवा पेनकिलर जास्त झाल्या तरी ते चढतं. 3 महिन्यांनी ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन परत बघावं लागतं.

माहीमची सिस्टर: 8 आठवडे खोकत बसायचं? मुंबईत? 2 आठवडे खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकी तपासायलाच हवी, सरकारी दवाखान्यात फुकट होते. शिवाय सीकेडी बहुतेकांना जन्मभर पुरते. घाबरणाऱ्यांना कशाला झापताय?

परळकर: बसायचं असं कुठे लिहिलंय? 8 आठवडे नाव द्यायला, तपासणीला नव्हे. नीट वाचत जा. टीबीचा मुद्दा मात्र रास्त.

गिरगाव टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी एजन्सी): तुमचं चालू द्या. माणूस खरा अडकतो तो मेडिक्लेममध्ये. ॲडमिशनच्या वेळी नातेवाईक अंदाजाने "बीपी असेल पाचेक वर्षं" म्हणतात, डॉक्टर तेच उतरवतात. पॉलिसी 2 वर्षांची असली की बीपी पॉलिसीआधीचं ठरतं आणि क्लेम तिथेच थांबतो. हिस्ट्री देताना महिना-वर्ष सांगा, पहिल्या निदानाचा कागद दाखवा, डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटल सोडण्याआधी वाचा. नंतर दुरुस्ती हवी तर डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र मिळवताना जीव जातो.

माहीमची सिस्टर: म्हणूनच लोक बीपी-शुगर लपवतात!

गिरगाव टीपीए: आणि त्यातच मरतात. लपवलेलं सापडलं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. 2024 पासून पॉलिसीआधीच्या आजाराचा क्लेम मिळायला प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने आहे, आधी 48 होती. सलग 60 महिने कव्हर झालं की माहिती दडवल्याचं कारण चालत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. फॉर्म एजंटला भरू देऊ नका, तो सगळीकडे 'नाही'वर टिक करतो.

परळकर: धागा क्रॉनिकचा होता.

माहीमची सिस्टर: मग 'अक्यूट ऑन क्रॉनिक', म्हणजे जुन्या आजारात अचानक बिघाड, का गाळलंत? वर्षानुवर्षं शांत असलेली किडनी एका इन्फेक्शनने दोन दिवसांत डायलिसिसवर जाते. नुसतं वय सांगून भागत नाही.

परळकर: ठीक, पण तिथे जोर 'अक्यूट'चा आहे. माझा मुद्दा तोच.