हरकत वाया जात नाही, ती नीट लिहावी लागते

शहरातली कोणती जमीन रस्ते, शाळा, मैदानांसाठी ठेवायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यावर हरकत असेल तर ‘नगरसेवकाला गाठा, लेखी हरकतींना कोणी विचारत नाही’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. मुंबईचा 2034 चा विकास आराखडा आठवा. फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा आला आणि गावठाणं, कोळीवाड्यांपासून सोसायट्यांपर्यंत सगळ्यांनी हरकतींचा पाऊस पाडला. एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदाच बाजूला ठेवला. सुधारित मसुदा 2016 ला आला, अंमल सुरू झाला सप्टेंबर 2018 पासून.

मात्र ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक), प्रॉपर्टी कार्ड (मालकीची नोंद), डीपी रिमार्क (आराखड्यात त्या जमिनीवर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला), मोजणीचा नकाशा जोडा. रस्त्याची रेषा राहत्या घरावरून जात असेल तर नकाशावर ते घर दाखवा, फोटो लावा आणि रेषा कुठून नेता येईल तेही सुचवा. पर्याय दिला की सुनावणीत बोलायला काहीतरी हाताशी राहतं. पोच घ्याच. आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांना सोबत घेऊन जा, एकट्याचं म्हणणं स्वार्थ म्हणून बाजूला सारणं सोपं असतं.

आराखडा मंजूर झाला म्हणजे दार बंद झालं असंही नाही. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 37 खाली फेरबदल होतात, त्याच्याही जाहीर सूचना निघतात. त्या वाचत चला. जमिनीवर आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखीव) पडून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 ची नोटीस देता येते. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं. 2018 ला नव्याने आरक्षण पडलेल्यांनी कागदपत्रं आत्तापासूनच जुळवायला घ्यावीत.