निसर्ग प्रदर्शन: हिरव्यावर हिरवं किती?

रानभूल: आमच्या गटाचं निसर्ग प्रदर्शन भरतंय. फलक, बिल्ले, नकाशा, सगळ्यांना एकच रूप द्यायचं ठरलं. पहिला नमुना आला: फिक्या हिरव्यावर पोपटी अक्षरं, मागे पानाच्या शिरा. चष्मा लावूनही मला वाचता येईना. वर धोक्यातल्या प्रजातीला लाल ठिपका, बाकीच्यांना हिरवा. बदलायला सांगितलं तर गटात दोन तट पडले. तुमचं काय मत?

पाणकोंबडी: नमुना मला आवडला असता. काळ्यावर पिवळं केलंत की ‘रस्त्याचे काम चालू आहे’ची पाटी होते. आत शिरताच रानात आल्यासारखं वाटायला हवं. आणि लाल-हिरवा न ओळखणारे असे असतात तरी किती?

रंगारी: युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी १. इतरत्र प्रमाण कमी, बायकांत फारच कमी. तरी गर्दी जमली की त्यात दोन-चार निघतातच. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीतसुद्धा नुसत्या रंगावर भिस्त नाही, वर्गाची अक्षरं सोबत असतात. तुम्ही ठिपक्याऐवजी त्रिकोण आणि गोल घ्या. आणि काळं-पिवळं करा असं म्हटलं कुणी? वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो. छापील फलकांसाठी ते लिहिलेले नाहीत, पण अंदाजाला उत्तम. गर्द हिरवा सायीच्या रंगावर सहज पास होतो. पोपटी नापास.

पाणकोंबडी: आकडे मान्य. पण शिरा, पोत, सावल्या सगळं पुसलंत तर उरलं काय? पानकिडा पानात सापडत नाही हीच तर गंमत!

रानभूल: पानकिडा लपू दे की, त्याचं नाव कशाला लपवायचं? फोटो हवा तेवढा गर्द घ्या, मजकूर शेजारच्या सपाट पट्टीवर.

शेवरी: रंगावरून भांडताय, अक्षराकडे कुणाचं लक्षच नाही. नाजूक फॉन्ट घेतलात तर लांबून आधी अनुस्वार आणि रफार जातात, ‘रंग’चा ‘रग’ होतो. ओळी दाटीवाटीने लावल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. चकचकीत लॅमिनेशन तर नकोच, दिव्याखाली अर्धा फलक पांढरा दिसतो. बोधचिन्ह उठावाचं करता आलं तर दृष्टिहीनांना हाताने कळेल, पण त्यासाठी बाह्यरेषा साधी हवी. आत्ताच्या चिन्हात सतरा पानं आहेत म्हणे.

पाणकोंबडी: सतरा जास्तच झाली, खरंय. मॅट चालेल, पट्टीही चालेल. पण पट्टीची कड पानासारखी कातरलेली हवी, त्यावर मी हटणार नाही.

रंगारी: कातरा. अक्षरांपासून बोटभर लांब.